आडव्या बाटलीनंतर

माझं नाव कोकिळा, आणि आवाज असा का वावरातले वानेर पळून जातेत. त्याले मी काय करू? गावाच्या चौकात माझी पिठाची चक्की आहे. इतके वर्षं त्या खडखडीवरून बोलून बोलून गळा असाच होऊन बसला. हळू बोलाले गेली तर मले माझंच ऐकू येत नाही. लोकाइले वाटते बाई भांडून राह्यली. वाटू द्या. भांडाचं असलं का मी वेगळं भांडतो.

माझ्या चक्कीच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला का, देशी दारूची भट्टी होती. सरकारमान्य दुकान, निळं शटर, वर पाटी. आता ते शटर खाली आहे आणि पायरीवर कुत्रं झोपते. ते शटर कोणी पाडलं आणि पाडून तिच्या पदरात काय पडलं, ते मले सांगाचं आहे. कारण गावात जो तो आपल्या सोयीनं सांगते, आणि ऐकून माझं टकुरं फिरते.

तिचं नाव उर्वशी. हसू नका. बापानं कोणत्या हौशेनं ठेवलं तो जाणे. बाई उंच, हाडकुळी, उन्हानं काळीठिक्कर पडलेली, हातात खुरपं नाहीतर डोक्यावर टोपलं. विहाराच्या मागच्या वस्तीत घर. घरात सासू इंदूबाई, पोरगी दीपा, ते यवतमाळले नर्सिंग शिकाले होती, आणि नवरा धम्मदीप.

धम्मदीप गवंडी होता. माझ्या चक्कीचा ओटा त्यानंच बांधला, अजून त्याले तडा गेला नाही. दारू पेला नसला का असा माणूस गावात शोधून सापडला नसता. मायचे पाय दाबून दे, पोरगी लहान असताना तिची वेणी घालून दे, बायको वावरातून यायच्या आधी चूल पेटवून ठेवे. पेला का संपलं. मग तो कोणाचाच नसे. रविवारी विहारात सगळ्यांसंगं हात जोडून पाचवं शील घे, मी दारू पिणार नाही म्हणून, आणि जोडलेले हात सुटले का माझ्या समोरून सरळ भट्टीवर. आमचे लोक तरी कुठी सोवळे होते म्हणा! गळ्यात माळ घालून पेत. सगळ्या गावाचे माणसं मांडीले मांडी लावून बसत अशी जागा गावात तेवढी एकच होती, भट्टीची पायरी.

आणि उर्वशीचा राग! बापा बापा! ते पेटली का कोणाच्या बापाले आवरत नसे. आठ-पंधरा दिवसांतून एकदा ते चप्पल हातात घेऊन यायचीच. शटर बडवे, गल्ल्यावरच्या माणसाच्या सात पिढ्या काढे, नवऱ्याची कॉलर धरून ओढे. आणि हे मेले पायरीवर बसून मजा पाहत. कोणी म्हणे, "आली आली, आता सिनेमा सुरू." कोणी तिले आणखी चिडवे. ते जितकी ओरडे तितकी विक्री वाढे, कारण तमाशा पाहाले न पिणारेही जमत.

एका दिवशी एका मोटरसायकलवाल्यानं तिचं मोबाइलवर शूटिंग घेतलं. पदर खांद्यावरून सुटलेला, तोंडाले फेस, हातात चप्पल. खाली बँडबाज्याचं गाणं जोडलं आणि सोडून दिलं. आर्णीत पाह्यलं, महागावात पाह्यलं, यवतमाळले पोरीच्या होस्टेलात पाह्यलं.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ते ज्वारीचा डबा घेऊन चक्कीवर आली. चक्की चालू होती. तिचे ओठ हलताना दिसले, पण ऐकू काही येईना. मी बटण बंद केलं.

"काय म्हणतं व?"

"दीपाचा फोन आला होता," ते म्हणली. "आई, तू माझ्या होस्टेलवर येत जाऊ नको म्हणे."

एवढंच. रडली नाही. मलेच भडभडून आलं. मी त्या शूटिंगवाल्याले दोन कचकचीत शिव्या हासडल्या तर तिनं माझा हात धरला.

"नको काकू. शिव्या मी खूप दिल्या. इतके वर्षं ओरडली, भट्टीतली एक शिशी फुटली नाही. माझी पोरगी मातर तुटली."

त्या दिवसापासून उर्वशी ओरडली नाही. हे मी एका वाक्यात सांगून राह्यली, पण ते एका दिवसात झालं नाही. तिले भट्टीसमोरून जा लागे, दुसरा रस्ताच नव्हता. पायरीवरून आवाज येत, "काहून व उर्वशी, आज चप्पल घरी विसरली का?" ते मान खाली घालून रस्ता ओलांडे आणि माझ्या चक्कीत शिरे. मागे पिठाचं मोठं टोपलं असते, त्यात दोन्ही मुठी कोपरापर्यंत खुपसून उभी राहे. दात आवळलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या. मी काही बोलत नव्हती. थोड्या वेळानं मुठी सैल होत. हात झटकून, पीठ झाडून, ते जाये. असं मी कितीदा पाह्यलं. लोक म्हणत का उर्वशी थंडी पडली. थंडी कसली! आग तेवढीच होती, फक्त तिनं ती आपल्या हातात घेतली होती.

मग आर्णीले बचत गटाच्या बैठकीत तिले समजलं, का गावातल्या बायाइनं मतदान केलं तर भट्टी बंद होते. कागदावर दोन चित्रं असतात. एक उभी बाटली, एक आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहो, आडवी म्हणजे बंद. पण त्यात एक मेख आहे. मतदार यादीतल्या जेवढ्या बाया आहेत त्याच्या अर्ध्याहून जास्त बायाइनं आडवीवर शिक्का मारला पाहिजे. ज्या मतदानाले आल्या त्यांच्या नाही, यादीतल्या सगळ्यांच्या. म्हणजे जी घरीच बसली, जी माहेरी गेली, जी कापूस वेचाले दुसऱ्या गावी गेली, त्या सगळ्या उभ्या बाटलीतच गेल्यासारख्या.

"म्हणजे प्रत्येकीच्या दारात जा लागते," मी म्हणली. "पाटलाच्या वाड्यापासून तांड्यापर्यंत. तुले कोण दारात उभी करीन?"

"दारात नाही केली तर अंगणात उभी राहीन," ते म्हणली.

आणि खरंच राह्यली. मी काही दिवस तिच्यासंगं हिंडली म्हणून मले माहीत. कोणाच्या दारात जाऊन तिनं हे म्हटलं नाही का तुमचा माणूस पेते. भट्टीचं नाव काढलं नाही. ते फक्त विचारे, "झोप होते का व रात्री?"

बस, एवढं. बाई आधी म्हणे, होते ना, न व्हाले काय झालं. मग हातातलं सूप खाली ठेवे. मग पदर तोंडाले लावे. मोठ्या घरच्या बाया, ज्याइचं कधी तोंड दिसलं नाही, त्या उर्वशीपुढे भिंतीले टेकून बसत आणि सांगत. ते ऐकून घे. सल्ला देत नसे, तोंडातून हूं का चूं नसे. मलेच राहवत नसे, मी मधात बोलाले जाये, तर ते डोळ्यानं मले गप करे. मले गप करणारी अख्ख्या जिल्ह्यात तेवढी एकच!

मतदानाच्या आधी आम्ही माझ्या चक्कीत तालीम घेतली. दुपारची लाइन गेलेली, चक्की बंद, बाया गोण्यांवर बसलेल्या. उर्वशीनं कोळशानं भिंतीवर दोन बाटल्या काढल्या, एक उभी, एक आडवी. बटाटा अर्धा कापून कुंकवात बुडवला, हा शिक्का. पहिली उठली तांड्यावरची जमनी, बुढी पण कडक. पदर खोचला, भिंतीपाशी गेली आणि बटाटा असा हाणला उभ्या बाटलीच्या डोक्यावर का कुंकू उडालं.

"हे घे! मर!"

दुसरी उठली, तिनंही उभीच्याच मानेवर हाणला. तिसरीनंही तेच. ज्याइले दारूचा राग जास्त, त्याइचा शिक्का नेमका उभीवर. हसून हसून आमची पुरेवाट. अहो, शिक्का म्हणजे मत, हे त्याइच्या ध्यानातच नाही. त्याइले वाटे, हाणाचं आहे ना, मग उभ्यालेच हाणा लागते, पडलेल्याले कोण हाणते?

सगळ्या हसल्या, उर्वशी हसली नाही. ते भिंतीपाशी जाऊन उभी राह्यली. "जमनीमावशी, मी इतके वर्षं हेच केलं," ते म्हणली. "रागानं हाणलं का उभीवरच पडते, आणि ते तिच्याच फायद्याचं होते. उभीकडे पाहूच नका. आडवीकडे पाहा आणि हळू ठेवा शिक्का. हळू ठेवला तरी मोजते सरकार." मग एकेकीचा हात धरून तिनं शिकवलं. दोन-तीन दुपारी त्यातच गेल्या.

मतदान आलं नेमकं वेचणीच्या दिवसांत. बायाइच्या टोळ्या महागावकडे गेलेल्या. उर्वशी टेम्पो घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरली. वावरवाले खवळले, कापूस फुटून राह्यला, बाया कायले नेता म्हणून. ते हात जोडून उभी राहे, उलटून बोलत नसे. बाया ओटीत कापूस तसाच घेऊन टेम्पोत चढल्या. शाळेच्या फरशीवर सगळीकडे कापूस सांडला होता त्या दिवशी.

आडवी बाटली जिंकली. थोडक्यात जिंकली, पण जिंकली. हुकूम येऊन शटर पडलं त्या दिवशी चौकात काय दंगा झाला सांगू! जमनी नाचली, मी नाचली, या गुडघ्यांनी नाचली. गुलालानं सगळ्या बाया एकाच जातीच्या दिसू लागल्या. उर्वशी गर्दीत मान उंच करून कोणाले तरी शोधून राह्यली होती. धम्मदीप तिकडे निंबाखाली एकटाच उभा होता. शटर खाली येताना त्यानं पाह्यलं, आणि घरातलं कोणी गेल्यासारखं तोंड झालं त्याचं. मग त्याची नजर बायकोवर गेली. आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत, मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं. एकटा माणूस निंबाखाली उभा राहून टाळ्या वाजवून राह्यला होता, आणि हात थरथर कापत होते.

काही दिवस सोन्यासारखे गेले त्या घराचे. त्यानं सैपाकघराची भिंत नवी केली, न्हाणीले फरशी बसवली. दीपा घरी येऊन गेली. मग त्याचा थरकाप वाढला, झोप जाईना का येईना काही समजेना. उर्वशीनं त्याले आर्णीले डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आणल्या. गोळ्या खाऊन तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसे. आणि एका दिवशी उठून चालत गेला. हायवे ओलांडला का पलीकडच्या गावात भट्टी आहे. तिथी बायाइनं काही केलेलं नाही.

तो जाऊ लागला तसे आपल्या गावचे दुसरेही जाऊ लागले. त्याइच्यात गाड्यावाले गाडीनं जात, बाकीचे पायी. हायवे आता केवढा मोठा झाला, चार पदरी. ट्रक असे येतेत का त्याइचा वाराच माणसाले ढकलते. एका दिवशी सांजच्या पारी, उजेड होता अजून, धम्मदीप परतून राह्यला होता. ट्रकवाल्याचीही चूक म्हणता येत नाही, असं लोक म्हणतेत.

अंगणात त्याले आणून ठेवलं तवा इंदूबाई रडली नाही. बुढी सुनेसमोर जाऊन उभी राह्यली आणि सगळ्याइसमोर म्हणली, "भट्टी गावात असती तर माझा पोरगा पायरीवर पडला असता. मी जाऊन उचलून आणला असता. जित्ता आणला असता." त्यानंतर ते सुनेसंगं बोलली नाही. आजपर्यंत नाही.

मग गावानं सुरू केलं. पुरुषाइचं मी समजू शकतो, त्याइले निमित्तच पाहिजे होतं. पण बाया! ज्याइनं गुलाल उधळला त्या बाया! त्याइचेही नवरे त्याच रस्त्यानं जात होते ना. दिवे लागले का त्या दारात बसत आणि हायवेकडे कान लावत. आधी नवरा पेऊन पडे पण डोळ्यासमोर पडे. आता ट्रकचा हॉर्न वाजला का उठून रस्त्यावर येऊन पाहा लागते, असं मले कितीक जणीनं सांगितलं. खोटं तर नव्हतं ते. पण त्याचा राग कोणावर निघावा? उर्वशीवर. ते डबा घेऊन चक्कीत आली का गोष्टी बंद. कोणी सरकून जागा देईना. मग ते डबा ठेवून बाहेर ओट्यावर उभी राहू लागली, त्याच ओट्यावर, त्याच्या हातच्या. मी बायाइवर एकदा जे तोंड सोडलं ना, दोन दिवस गिऱ्हाइक आलं नाही. पण त्यानं काय होणार? जिले बोलाचं नाही तिले कोणी जबरदस्तीनं बोलाले लावते का? दीपाही आजीलेच फोन करे, आईले नाही. उर्वशी सकाळी वावरात जाये, सांजेले येये, आणि त्या घरात दोन बाया एकमेकीचा आवाज न ऐकता राहत.

तिच्या एकटेपणानं मले धाक पडे. मी एकदा म्हणली, "बाई, भांड. ओरड. मन मोकळं कर."

"ओरडून कोणाले सांगू काकू?" ते म्हणली. "बरोबरच बोलतेत लोक."

मग ठराव आला. भट्टी परत सुरू करा, अशी मागणी महिला ग्रामसभेनंच करावी, असा. मागून कोणी फूस लावली ते सगळ्याइले माहीत होतं, पण पुढे बायाच होत्या. शाळेच्या ओसरीत दुपारी सभा बसली. सरपंच आमची प्रेरणा, लहान पोरगी, तिच्या हाताले घाम. सगळ्याइची एकच गोठ, उर्वशीचा माणूस गेला, आता तिचंही मन बदललं असन. ते हो म्हणली का झालं, मग कोणाच्याच मनाले टोचणार नाही. सगळं गाव तिच्या एका शब्दासाठी अडून बसलं होतं, आणि त्या शब्दावर भट्टीचं शटर.

आधी इंदूबाई उठली. खांबाले धरून उठली. "माझा पोरगा जित्ता असता," ते म्हणली. "दुसरं मले काही बोलता येत नाही. भट्टी आणा." आणि बसली. बुढी रडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं मले.

मग उर्वशी उठली. तिच्या मुठी मी पाह्यल्या. इथी पिठाचं टोपलं नव्हतं. तिनं हात तसेच बाजूले सोडले आणि बोटं उघडली.

"आत्याबाई खरं बोलल्या," ते म्हणली. आवाज इतका हळू का मागच्या बाया पुढे सरकल्या. "भट्टी गावात असती तर दीपाचे बाबा त्या दिवशी गेले नसते. हे मले रोज सकाळी उठल्याबरोबर आठवते. आडवीवर शिक्का मारताना मले वाटलं मी दारूलेच मारून राह्यली. त्याइलेही लागन हे ध्यानात आलं नाही. तुमाले दारोदार सांगत फिरली तवा हे सांगितलं नव्हतं, कारण मलेच माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणून आज ज्याइले भट्टी पाहिजे त्याइनं हात वर करा, मी मनात डूक धरणार नाही. माझ्या तोंडाकडे पाहून कोणी हात खाली ठेवू नका, आणि आत्याबाईच्या तोंडाकडे पाहून वर करू नका. मी मातर आजही आडवीच म्हणतो. माझा माणूस पायरीवर रोज थोडा थोडा मरत होता, ते मी पाह्यलं आहे. दीपा पाह्यत होती."

तिथी जमनी उठली. "तुझं झालं बोलून," ते म्हणली, रागात नाही, घाबरून. "माझा पोरगा बादल आज सांजेले त्याच रस्त्यानं येणार आहे. त्याचं काय?"

उर्वशीनं ओसरीतून हायवेच्या बाजूले पाह्यलं. मले वाटलं, संपलं आता.

"मी जाईन आणाले," ते म्हणली.

"रोज?"

"रोज."

कोणी हसलं नाही. प्रेरणानं हात वर करा म्हटलं, आणि मोजाले कोण हा सवाल आला. एक म्हणे ग्रामसेवक मोजो, दुसरी म्हणे नको. तर इंदूबाई बसल्या जाग्यावरून बोलली, "सुनेले मोजू द्या. ते लबाडी करणार नाही." सुनेकडे न पाहता बोलली. आणि भट्टी परत आणण्यासाठी पहिला हात त्याच बुढीनं वर केला.

उर्वशीनं मोजलं. सासूचा हात तिनं पहिला मोजला. मग ओसरीभर फिरून एकेक हात मोजला, आणि आकडा सांगताना तिचा आवाज हलला नाही. ठराव पडला. थोडक्यात पडला. या वेळी कोणी गुलाल आणला नव्हता. बाया चपला शोधत निघून गेल्या. उर्वशीनं सासूले खांबापाशी बगलेत हात घालून उठवलं, कारण बुढीचे गुडघे साथ देत नाहीत, आणि दोघी न बोलता घरी गेल्या.

त्या सांजेपासून ते हायवेवर जाते. वावरातून आली का तोंड धुते, पांढरा टॉवेल डोक्याले बांधते, म्हणजे ट्रकवाल्याले दिसावं, हातात काठी आणि बॅटरी. पलीकडून माणसं येऊ लागले का हात वर करून ट्रक थांबवते, नाही थांबला तर माणसाइले थांबवते. मग पांदणीच्या, वावराइमधल्या गाडीवाटेच्या, रस्त्यानं त्याइले गावात आणून सोडते. पहिल्या पहिल्यानं ते मेले तिले शिव्या देत, दुसरीकडून ओलांडत. ते बोलत नसे. कोणी लडखडला तर दंडाले धरे. शुद्धीत असते तर त्याइनं तिचा स्पर्श चालू दिला असता का, मले सांगता येत नाही. काही जणाइनं लाजेनं जाणं सोडलं. बादलनं सोडलं. बाकीचे जातेत. ज्याइचे नवरे ते घरी आणून सोडते त्या बाया दार उघडतेत, माणूस आत घेतेत आणि दार लावतेत. बैस व, पाणी पे, असं कोणी म्हणत नाही. मले तर असं वाटते एकेकीच्या दारात जाऊन वाजवावं कानाखाली.

मी काही दिवस तिच्यासंगं गेली. पण सांजेलेच चक्कीवर गर्दी असते, आणि खरं सांगू, तिथी उभं राहावत नाही. बोलाले कोणी नाही, नुसते ट्रक. एकदा दोन ट्रकांच्या मधात ते म्हणली, "काकू, मले त्याइची लय आठवण येते. पेलेल्याचीही येते." मी तिचा हात धरला. मग समोरून दोघं आले, आणि ते हात सोडवून पुढे गेली.

आता तिले दुसऱ्या गावच्या बाया बोलावतेत. मागे कळंबकडे बोलावलं होतं, आमच्याइकडे भट्टी बंद कराची आहे म्हणून. मी संगं होती. शाल दिली, नारळ दिला, खुर्चीवर बसवलं. बायाइले वाटलं आता जोशाचं भाषण होईन. तर हिनं उठल्याबरोबर काय सांगितलं? "माझ्या गावात भट्टी बंद झाली आणि माझा माणूस रस्त्यावर मेला. तुमच्याइकडेही कोणीतरी मरू शकते. पलीकडच्या गावाले जाणारा रस्ता कसा आहे ते आधी पाहा, मग मतदान मागा." अर्ध्या बाया तिथूनच उठून गेल्या. मी कपाळावर हात मारला, व बाई, हे शेवटी सांगाचं असते! "नाही काकू," ते म्हणली, "हे आधीच सांगाचं असते." ज्या राह्यल्या त्याइच्यासंगं ते अंधार पडेपर्यंत बसली.

परवाची गोठ सांगतो. सांजेले इंदूबाई पीठ न्याले आली. डबा भरून दिला, बुढी हलेना. ओट्यावरून हायवेच्या बाजूले पाहून राह्यली.

मी म्हणली, "जा ना बाई घरी. भाकर टाका, खाऊन घ्या. तिचा काय नेम, कवा येईन."

"ते आल्याबिगर मी जेवत नाही," बुढी म्हणली.

मले असा राग आला! "एक शब्द बोलत नाही तिच्यासंगं! भरल्या सभेत तिच्या विरोधात हात वर केला! मग तिची वाट कायले पाहता?"

मी ओरडलीच असन, कारण रस्त्यानं जाणारे थांबले. बुढीनं डब्याचं झाकण दाबून लावलं.

"त्या दिवशी," ते म्हणली, "पोराची वाट न पाहता मी जेवून घेतलं होतं."

आणि डबा कडेवर घेऊन गेली.